उभ्यानं जेवणारा कुत्रा

टेकू पिसाळलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण मांडवीवर लोक अजून तसंच बोलतात.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या सालातला आषाढ. समुद्र बंद, होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेल्या. काम नसलं की आमच्या आळीतल्या पोरांचे हात शिवशिवतात. त्या दिवशी त्यांनी एका कुत्र्याला बांधाच्या कोपऱ्यात कोंडलं होतं आणि धोंडे मारत होती. पुढारी अर्थातच भिवा, आमचा शेजारी.

"पुढं येऊ नको गुणे! पिसाळलाय! तोंडाला फेस बघ!"

मी बघितलं. फेस होता खरा, पण फेसात भाताची शितं होती. पिसाळलेला कुत्रा भात खायला बसतो काय? आणि कुणाच्या अंगावर धावायचं सोडून हा भिंतीत शिरायला बघत होता.

होडीतलं पाणी उपसायचं डबडं मी पन्हाळीखाली भरलं आणि त्याच्यापुढं नेऊन ठेवलं. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, हे सगळ्यांना ठाऊक. हा लपलप प्यायला.

"बघ मेल्या! पितोय पाणी!"

तेवढ्यात प्यालेलं सगळं पाणी तोंडातून जसंच्या तसं बाहेर आलं. ओकारी नाही, पोट हललंसुद्धा नाही. मान खाली गेली आणि कळशी उपडी करावी तसं पाणी ओतलं गेलं.

"भुताटकी हाय ही," भिवा म्हणाला आणि त्यानं आणखी एक धोंडा उचलला. मी तेच डबडं त्याच्या कपाळात हाणलं. मग कुत्र्याला पोटाखाली हात घालून उचलला आणि घरी आणला. वजन काहीच नव्हतं. ओलं जाळं याच्यापेक्षा जड असतं.

"आलं," आय म्हणाली. "घरात आधीच एक बिनकामाचं तोंड होतं. आता जोडीदार आणलान."

बाबा, होडीचा तांडेल, पडवीत जाळं विणत होता. "अगो, शाळा सोडल्यावर अभ्यास कशाचा करायचा तिनं? कुत्र्यांचा!"

शाळेचं म्हणाल तर मास्तरांनी मला माशाचा वास येतो म्हणून दाराशी बसवली. मी पाटी त्यांच्या पायाशी आपटून फोडली आणि घरी आले. परत गेले नाही. विषय संपला.

कुत्रा भुकेलेला होता. नुसता भुकेलेला नाही, भुकेनं वेडा. पेज दिली, संपवलान, बाहेर आली. भाकरी दिली, गिळलान, नळीसारखी गोल होऊन बाहेर आली, नि तीच परत खायला लागला. आय म्हणाली, "ह्याच्या पोटाला दारच नाय. दोन दिसांत जाईल. जीव लावू नको." बाबा म्हणाला, पोटात जंत असतील. वैदूबाबाची मुळी आणली, तीही बाहेर आली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आय किंचाळली म्हणून आत गेले. कुत्रा मागच्या पायांवर उभा होता, पुढचे पाय चुलीशेजारच्या वैलाच्या कडेवर, आणि तोंड पेजेच्या मडक्यात. आयनं लाकूड उचललं होतं. मी तिचा हात धरला.

"सोड गो! सगळी पेज बाटवलान!"

"थांब जरा, आये. बघ."

"काय बघू? माझं डोंबल?"

"खाऊन झालं त्याचं. तसाच उभा हाय. आणि बाहेर काय आलं नाय."

त्याच्या गळ्याला डाव्या बाजूला एक फुगा आला होता, तो हळूहळू खाली उतरत होता. मी बोटानं चाचपला. फुगा छातीत गेला आणि दिसेनासा झाला. मग कुत्र्यानं ढेकर दिला, अगदी माणसासारखा, म्हाताऱ्यासारखा. आयच्या हातातलं लाकूड खाली आलं. ती हसली नाही, पण हसू तोंडाशी आलं होतं.

आता कळलं. त्याच्या गळ्याला घास खाली ढकलायचा जोर नव्हता. उभा राहिला तर घास आपल्या वजनानं उतरत होता, चार पायांवर असला की तिथंच अडून परत येत होता. एवढंच. ना भुताटकी, ना जंत.

बाबानं एक जुनं लाकडी पीप त्याच्या छातीइतकं कापून दिलान. मी कुत्र्याला आत उभा करायची, तो पुढचे पाय कडेवर टाकून पुढाऱ्यासारखा उभा राहायचा आणि मी पातळ पेज भरवायची. पेजेत जवळा वाटून घालायची, काटा नाही, गाठ नाही. खाऊन झालं की लगेच बाहेर काढायचा नाही. आय पान लावून, चघळून थुंकेपर्यंत त्याला पिपातच ठेवायचा. असं दिवसाला चारदा. त्याला टेकू लागतो म्हणून नाव टेकू.

"तांडेलाची पोरगी कुत्र्याला बारशाच्या पाळण्यात घालून जेवू घालते," असं आळीभर झालं. भिवा कपाळाला फडकं बांधून येता-जाता विचारायचा, "साहेब जेवले काय गो?" मी धोंडा उचलला की पळायचा.

पण टेकू भरला. पाठीचा कणा दिसायचा बंद झाला. पिपाचा आवाज आला की दोन पायांवर नाचायचा.

मग नारळी पुनव आली, होड्या पाण्यात गेल्या आणि सगळं बदललं.

किनाऱ्यावर मासळी आली म्हणजे किनारा कसा होतो ते ठाऊक आहे ना? पावलोपावली डोकी, आतडी, कल्ले, फुटकी कोळंबी. इतर कुत्र्यांची दिवाळी, टेकूचं मरण. त्याला काय कळतं? पहिल्याच दिवशी दोरी चावून सुटला नि बांगड्याचं डोकं गिळलान. मी पोचले तर तो वाळूत गडबडा लोळत होता, जीभ निळी पडलेली. मागून काखेत धरून उभा केला, घशात बोटं घातली, ओढून काढलं. माझी दोन बोटं फाटली. तो तसाच माझ्या अंगावर रेलून धापा टाकत राहिला.

बाबा होडीवरनं बघत होता.  दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "गुणे, मी समुद्रात, तुझी आय टोपली घेऊन गावोगाव, आणि औंदा तुलाबी तिच्यासंगं जायचं हाय. तिची मान आता एकटीनं भार घेत नाय. ह्याला कोन उभा करनार?"

"मी नाय जानार."

"मग आयनं मरायचं?"

मी ताट सारलं आणि उठले. पण खरं होतं ते. शेजारी कुणी घेईना. दोरीनं बांधून गेलो तर पोरं मुद्दाम त्याच्यापुढं माशाची डोकी टाकायची, उलटं कसं येतं ते बघायला.

शेवटी मार्ग आयनंच काढला. "हातखंब्याच्या येसूबाईला विचारते. तिच्या खळ्यात काय सांडलेलं नसतं. सांडायला घरात मानूस तरी हवं."

येसूबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. सुकटीला भात द्यायची, वर मूठभर जास्त. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक काशीराम मुंबईला गिरणीत होता, आदल्या वर्षी तापानं गेला. गावच्या माणसानं येऊन निरोप दिला तेव्हा तिकडं सगळं आटपलंसुद्धा होतं. तिला तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून ती दोन भांड्यांत स्वयंपाक करायची आणि एकाच भांड्यातला जेवायची, असं आय सांगायची.

भाताच्या व्यापाऱ्याच्या बैलगाडीत आम्ही पीप चढवलं. टेकू पिपात उभा, पाय कडेवर, कान वाऱ्यावर. नाक्यावरचा पानवाला ओरडला, "काय गो, कैदेतला थिबाराजा परत आला काय?" आय मोठ्यानं हसली. मी नाही हसले.

येसूबाईचं घर रस्त्यापासून आत, कातळाच्या कडेला. घरापुढचं खळं शेणानं असं सारवलेलं की त्यावर ताट न घेता जेवावं. बाई बारकी, काळीसावळी, कपाळ पांढरं. टेकूकडं बघून म्हणाली, "ह्यो? ह्यो एवढुसा? मला वाटलं घोडा हाय, एवढं काय काय सांगत होतीस तू."

मी तिला सगळं दाखवलं. पेज किती पातळ, फुगा कुठं येतो, बोट कसं लावायचं. दोनदा तिच्या हातून करून घेतलं.

"आणि खाली काय पडता कामा नये. एक घास खाली खाल्लान की मेला. समजलं?"

"अगो, माझ्या खळ्यात शीत तरी दिसतंय काय तुला?"

"दिसत नाय. पन पडलं तर?"

"काय पोरगी ही! आवडे, तुझी लेक सासूच्या वरताण हाय गो."

आय म्हणाली, "हिला सासू मिळनार ती बिचारी मरेल."

त्या दोघी हसल्या आणि टेकू पिपात उभ्या-उभ्या ढेकर देऊन मोकळा झाला. येसूबाईनं त्याच्या तोंडाला लागलेली पेज पदरानं पुसली. पदरानं. तेव्हा मला कळलं, ही सांभाळील.

निघताना तो मागं आला. मी धोंडा उचलला, मारला नाही, उचलला फक्त. तो उभा राहिला. मग येसूबाईनं पिपावर थापटलं आणि तो वळला.

गणपतीच्या आधी फेरी झाली तेव्हा बघितला. पाठीवर मांस होतं, केस चकचकीत. मला ओळखलान, अंगावर उडी घेतलान, सगळं तोंड चाटलान. पण पीप वाजलं तसा मला सोडून पळाला. येसूबाई त्याला भरवून झालं की पिपाशी पाट मांडून बसायची आणि फुगा उतरेपर्यंत त्याच्याशी बोलायची. "काशीराम असा हुता बघ, गरम भात हातावर घ्यायचा नि फुंकायचा..." तो कान पाडून ऐकायचा. त्याला तरी दुसरं काय काम होतं? मला जरा जळजळ झाली. पण आता तिच्या चुलीवर एकच भांडं होतं, आणि त्यातलं दोघं जेवत होती.

मग पितरांचा पंधरवडा लागला.

काशीरामाचा पहिला म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, होता. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. आय खालच्या वाडीत टोपली घेऊन गेली आणि मी एकटीच वर आले. खळ्याच्या बाहेरनं हाक मारली. टेकू आला नाही.

येसूबाई पडवीत बसली होती आणि तिच्या मांडीवर तो. श्वास घेताना त्याच्या छातीतनं आवाज येत होता, हुक्का ओढल्यासारखा गुरगुर, गुरगुर. नाकातनं पिवळं पाणी. अंग विस्तवासारखं.

"काय झालं?"

"काल सांजच्यापासनं असा हाय. काढा दिला, उभा करून दिला. घेत नाय गो."

मी खळ्यात बघितलं. तुळशीच्या पलीकडं, सारवलेल्या जमिनीवर केळीचं पान पडलेलं होतं. स्वच्छ, चाटून पुसलेलं. बाजूला वड्याचा एक तुकडा, अर्धवट, फेसात लडबडलेला. वडा. उडदाचा, तेलात तळलेला, चामड्यासारखा.

"वडा कुनी घातलान ह्याला?"

ती पदर गोळा करून पानाकडं बघायला लागली.

"खाली? पानावर? खाली घातलंस?"

"ऐक तरी माझं."

"काय ऐकू?"

पण मी टेकूला तिच्या मांडीवरनं घेतला आणि पिपात उभा केला. उभा केला की उतरतं, मला तेवढंच ठाऊक होतं. त्याचे पाय कडेवर ठेवले, ते घसरले. परत ठेवले. मागचे पाय वाकले आणि तो पिपात गोळा होऊन बसला. मग मी त्याला काढून घेतला, पडवीच्या खांबाला पाठ लावून बसले आणि काखेत धरून माझ्या छातीशी उभा ठेवला, डोकं माझ्या खांद्यावर. गुरगुर थेट माझ्या कानात येत होती.

येसूबाई समोर बसून बोलत होती. तिला बोलायचंच होतं.

"कावळा शिवेना गो. सकाळपासनं पान ठेवलं हुतं कौलांवर. सदू, माझ्या दिराचा मुलगा, त्यानं सगळं केलान. भावकी सगळी जेवायची थांबलेली. कावळे फणसावर बसले हुते, चार-पाच, खाली एक येईना. सदू हात जोडून सांगत हुता, काकीला आम्ही बघू, जमीन पडीक ठेवनार नाय. नाय आला. कोनीतरी म्हणालं, पोराचा जीव मुंबईत अडकलाय. मग मी उठले. म्हटलं, काशीराम, माझी चिंता करू नको. मी एकटी नाय. ह्यो हाय माझ्याजवळ, ह्याच्यासाठी मी दिवसाला चारदा चूल पेटवते. असं म्हटलं नि तवाच कावळा उतरला. बोलते ना मी, तवाच! पहिला वडाच उचललान."

टेकूची नखं माझ्या खांद्यात रुतत होती, मग सुटत होती.

"मग गाईचं पान झालं. मग कुत्र्याचं. पितराचं पान कुनाला हातानं भरवतात काय? ते जमिनीवरच ठेवायचं, त्यानं आपल्या तोंडानं खायचं. पिपात घातला असता तर भावकीनं काय म्हटलं असतं? नि भावकीचं जाऊ दे. मलाच वाटलं, आज नको पीप. आज तो पावना हाय. आणि तो पानाशी आला, वास घेतलान, माझ्याकडं बघितलान. खाऊ काय, असं बघितलान गो! मी म्हटलं, खा. एक दिवस. खाऊन झालं की लगेच उभा करीन, असं मनाशी धरलं हुतं. केलाबी उभा. पर आधीच खोकला लागला."

ती रडत नव्हती. मी रडत नव्हते. त्यानं चारदा असा श्वास घेतला की मला वाटलं आता संपला, आणि परत सुरू झाला. मग एकदा सुरू झाला नाही. त्याचं तोंड माझ्या मानेवर तसंच गरम होतं. मी त्याला धरून बसून राहिले, फुगा उतरायची वाट बघतो तशी.

मग माझ्या तोंडून गेलं. "मेलेल्याला जेवू घातलंस नि जित्याला मारलंस."

ती उठली. मला वाटलं मला मारील. कोपऱ्यातली कुदळ घेतलीन आणि फणसाखाली गेली. कातळावर माती कुठं असते? एवढीच तिथं फणसाखाली. तिनं दोन-तीन घाव घातले, कुदळ दगडावर खणखणली, हात झिणझिणले तिचे. मी टेकूला पडवीत निजवला आणि जाऊन कुदळ हिसकून घेतली. खणत राहिले. ती हातानं माती ओढत होती. 

पुरताना तिनं त्याला पाय सरळ करून ठेवलं. त्याच्या तोंडाभोवती वाळलेलं पिवळं तिनं पदरानं पुसलं आणि पदर तोंडाशी धरून तशीच राहिली. मी माती लोटली.

"हात धू. पानी पी," ती म्हणाली.

"नको."

"आवडीला हाक मार. भात देते."

"नको म्हटलं ना."

मी वाटेला लागले. फाटकापाशी आले तरी ती मागनं येत होती, तिच्या पायाला चप्पल नव्हती आणि तिच्या कोपरापर्यंत लाल माती.

"गुणे."

मी थांबले, वळले नाही.

"पुढच्या साली म्हाळ येईल. कावळा परत असाच बसेल फणसावर. मी त्याला सांगितलंय, मी एकटी नाय म्हणून. आता काय सांगू?"

माझ्या डोक्यात अजून राग होता. आजही सगळा गेला नाही. मी म्हणाले, "खरं असेल ते सांग."

 खालच्या वाडीतनं आयची हाक येत होती, सुकट, बोंबील.

"मग शिवायचा नाय गो तो," येसूबाई म्हणाली.